गाडीत नसलेल्या सेन्सरचे ७,७०० रुपये

थंडी पडू लागली की महामार्गालगतच्या काही टायर दुकानांत एक ठरलेला धंदा तेजीत येतो आणि त्या धंद्याने या हिवाळ्यात माझे १५,३५० रुपये घेतले. आरी टोचून पंक्चर पाडणारे लोक सगळ्यांना माहीत आहेत, मलाही माहीत होते, आणि म्हणूनच आपण सावध आहोत असे मी समजत होतो. परंतु आता त्या जुन्या प्रकाराला टायरच्या हवेवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरची जोड मिळाली आहे आणि ती जोड सुशिक्षित माणसाला अधिक सहज गुंडाळते, कारण डॅशबोर्डवर लागलेला दिवा खोटे बोलत नाही, असे आपण गृहीत धरतो. दिवा खोटे बोलत नाही, हे खरेच आहे. दिव्याचा अर्थ सांगणारा माणूस खोटे बोलतो. दुकानाचे नाव मी इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात दाखल केले आहे. पद्धत मात्र पूर्ण सांगतो.

डिसेंबरातली सकाळ होती. साताऱ्यात पारा अकराच्या आसपास उतरला होता आणि मी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला घेऊन निघालो होतो. आदल्या दिवशी दुपारी कोल्हापूरहून येताना पेट्रोल पंपावर चारही चाकांत ३३ हवा भरून घेतली होती. महामार्गाला लागून काही किलोमीटर गेल्यावर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. तेव्हा काय घडले होते हे आज मला नीट समजते, म्हणून आधी तेच सांगतो. कोल्हापूरपासून धावत आलेले टायर तापलेले असतात आणि तापलेल्या टायरमध्ये यंत्र ३३ दाखवत असले, तरी तोच टायर रात्रभर गारठ्यात उभा राहिल्यावर सकाळी २८ च्या आसपास भरतो. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की हवा सुमारे एक पीएसआयने उतरते (टायरमधल्या हवेचा दाब याच एककात मोजतात, वरचे ३३ आणि २८ हे त्याचेच आकडे), हा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा हा थंड टायरसाठी असतो आणि हवा तीन तास उभ्या असलेल्या गाडीत, सकाळीच, मोजायची असते. माझ्या तीन चाकांत तेवढीच घट झाली होती. डाव्या मागच्या चाकात मात्र व्हॉल्व्हची पिन सूक्ष्म गळत होती आणि थंडीत तिचे रबर आखडल्यामुळे ती गळती वाढली होती, म्हणून ते चाक इतरांपेक्षा आणखी खाली गेले आणि दिवा लागला. दुरुस्ती २० रुपयांची होती. हे २० रुपये पुढे पुन्हा येतील.

पुढे खंबाटकीचा बोगदा होता, बोगद्यानंतर अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेले एस आकाराचे वळण होते, शेजारी शहात्तर वर्षांची आई बसलेली होती आणि पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ ठरलेली होती. अशा वेळी जे पहिले टायरचे दुकान दिसले तिथे मी थांबलो. मोठा फलक, हवेचा कॉम्प्रेसर, नायट्रोजनचे यंत्र, व्हील बॅलन्सिंगचे यंत्र, एकसारखे शर्ट घातलेली मुले. झाडाखालच्या टपरीवर थांबलो नाही, नीटनेटक्या दुकानात थांबलो. मला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

एका मुलाने डाव्या मागच्या चाकाला जॅक लावला, चाक उतरवले आणि साबणाचे पाणी मारले. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता आणि त्याच वेळी दुकानाचा मालक मला पलीकडे बोलावून दुसऱ्या चाकाची झीज दाखवत होता. परत येऊन पाहतो तो टायरवर तीन ठिकाणी बुडबुडे. “साहेब, तीन पंक्चर आहेत. या हवेवर बोगद्यापुढच्या वळणाला गाडी घातली असती तर आईंचं काही खरं नव्हतं,” असे मालक म्हणाला आणि आईने माझ्याकडे ज्या भीतीने पाहिले, तिथेच माझे प्रश्न विचारणे संपले. तीन भोके जवळजवळ एका रेषेत होती. खिळा एकही निघाला नाही. खिळा, काच, स्क्रू, काहीतरी हातात द्या म्हणावे. टायरमध्ये जे घुसले ते दाखवता येत नसेल तर काम थांबवावे. आणि जिथे चाक उतरवले जाते तिथून कोणीही, कोणत्याही कारणाने बोलावले तरी हलू नये.

यानंतर सेन्सर निघाला. मालकाने हातात मावणारे एक यंत्र आणले, ते डाव्या मागच्या आणि उजव्या पुढच्या चाकाजवळ धरले आणि दोन्ही वेळा पडद्यावर लाल रंग आला. “दोन सेन्सर गेलेत. थंडीत बॅटरी बसते, या महिन्यात रोज चार-पाच गाड्या येतात,” असे त्याने सांगितले. हे वाक्य अर्धे खरे आहे म्हणूनच घातक आहे. ज्या गाड्यांच्या चाकात खरोखर सेन्सर असतो त्यांत सीलबंद बॅटरी असते, ती साधारण पाच ते दहा वर्षे चालते आणि जुनी झालेली बॅटरी थंडीत आधी मान टाकते. परंतु तसे झाल्यास बहुतेक गाड्यांत दिवा सुरुवातीला मिनिटभर उघडझाप करतो आणि मग स्थिर होतो. केवळ हवा कमी असेल तर तो पहिल्यापासून स्थिर राहतो. माझा दिवा पहिल्यापासून स्थिर होता. हा फरक त्या मालकाला नक्की ठाऊक होता. मला तो कोणी कधी सांगितला नव्हता.

माझ्या गाडीच्या कोणत्याही चाकात सेन्सरच नाही. हवेवर नजर ठेवण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत प्रत्येक चाकात सेन्सर बसवलेला असतो, तो आतला दाब मोजून रेडिओलहरींनी कळवतो आणि डॅशबोर्डवर सहसा चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसतात. दुसरीत चाकात काहीच नसते. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित लहान होतो, ते इतरांपेक्षा थोडे जास्त वेगाने फिरते आणि एबीएस ब्रेकसाठी (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चाकाजवळ बसवलेले वेगमापक तो फरक ओळखतात. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्या डॅशबोर्डवर चाकांचे आकडे कधीच दिसले नाहीत. चाकात उत्तर देणारे काही नसेल तर हातातल्या यंत्राला उत्तर मिळणार नाही आणि पडदा लालच होणार. चारही चाकांवर तो लालच झाला असता. मालकाने यंत्र दोनच चाकांवर धरले, कारण चार सेन्सर एकदम गेले हे कोणालाही पटले नसते.

आणि तो क्षण. काम झाल्यावर मालक माझ्या जागेवर, स्टीअरिंगमागे बसला, त्याने गिअरजवळचे एक बटण काही सेकंद दाबून धरले, दिवा विझला आणि तो म्हणाला, “बघा साहेब, नवीन सेन्सर गाडीने घेतला.” मी दारापाशी उभा होतो. बटण मला दिसले. ते बटण माझ्या गाडीत पहिल्या दिवसापासून आहे आणि त्याचे काम एवढेच आहे की हवा नीट भरल्यानंतर ‘आत्ताची स्थिती बरोबर समज’ असे गाडीला सांगायचे. दोन सेन्सर बसवले म्हणणाऱ्याने उजवे पुढचे चाक उतरवलेसुद्धा नव्हते, आणि रिमवरून टायर न काढता आतला सेन्सर बदलता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर चाक गाडीलाच होते, तरी मी पैसे मोजत होतो. या आठवणीने मला आजही रात्री जाग येते. गाडी घेताना विक्रेत्याने ‘टायर प्रेशरची सोय आहे’ एवढेच सांगितले होते आणि इंग्रजीतली जाड माहितीपुस्तिका हातात दिली होती. ती पुस्तिका न वाचणारा मी एकटा नाही.

हिशेब असा झाला: तीन मशरूम पंक्चरचे (भोकात आतून छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा बसवतात त्याचे) प्रत्येकी १५० प्रमाणे ४५०, दोन सेन्सरचे प्रत्येकी ३,८५० प्रमाणे ७,७००, ‘प्रोग्रॅमिंग’चे ६०० आणि चार चाकांच्या नायट्रोजनचे २००. एकूण ८,९५० रुपये. बिल म्हणून कोऱ्या पॅडवर आकडे लिहून दिले. त्यावर दुकानाचे नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, सही नाही. पैसे यूपीआयने गेले ते एका व्यक्तीच्या खात्यावर. नायट्रोजनमुळे थंडीत हवा उतरत नाही असेही त्याने सांगितले, तेही खोटे आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि गारठ्यात तोही तितकाच आकसतो.

त्यानंतर पुन्हा एका गारठ्याच्या सकाळी दिवा लागला. या वेळी मी साताऱ्याच्या गोडोली भागातल्या एका वयस्कर पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यांनी चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हचे टोपण काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. थेंब फुगला. त्यांनी पिन बदलली, वीस रुपये घेतले आणि विचारले, “हे पंक्चर कुणी काढलं?” चाक माझ्यासमोर उघडून त्यांनी दाखवले: आत सेन्सर नव्हता आणि तीनपैकी एक भोक टायरच्या खांद्याजवळ, जिथे रबर वळून बाजूच्या भिंतीला मिळते, तिथे पाडलेले होते. पंक्चर फक्त जमिनीला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यात आणि भोक सुमारे सहा मिलिमीटरपर्यंत असेल तरच काढायचे असते. खांद्यावर आणि बाजूला पॅच टिकत नाही. तो टायर घेऊन मी आईला बसवून पुण्याला जाऊन आलो होतो. नवा टायर ६,४०० रुपयांना पडला. ज्या सुरक्षिततेच्या नावाखाली पैसे घेतले गेले, तीच त्या माणसाने भोक पाडून काढून घेतली. मला पैशापेक्षा याचा संताप जास्त आहे.

त्यानंतर जे सुरू झाले ते फसवणुकीइतकेच दमवणारे आहे. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितले की दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितले की हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, तुम्ही राजीखुशीने पैसे दिले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, आणि त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणतीही असली तरी नोंदवून घ्यावी लागते, हे मी लिहून नेले होते. टेबलामागच्या माणसाने कागद न वाचता परत केला आणि “वकिलाला दाखवा” असे सांगितले. परिवहन खात्याच्या कार्यालयात सांगितले की टायर दुकाने आमच्याकडे येत नाहीत. तक्रारीच्या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर आधी बिल क्रमांक मागितला. बिलच दिले नाही हीच तक्रार आहे असे सांगितल्यावर ‘मग नोंद अपुरी राहील’ असे उत्तर मिळाले. बिल मागूनही न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तरी ती ऐकून घेणाऱ्याला त्याच न दिलेल्या बिलाचा क्रमांक हवा असतो. ज्याने फसवले त्याला एका प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागलेले नाही आणि ज्याची फसवणूक झाली तो मात्र कार्यालयागणिक आपली अक्कल सिद्ध करत फिरतो आहे. मला एका ठिकाणी “शिकलेले दिसता, मग कसे फसलात?” असे विचारले गेले. हा प्रश्न विचारण्यासाठी त्या माणसाला पगार मिळतो का, हे मला कोणीतरी सांगावे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे यूपीआयची नोंद, पॅडचा कागद, खांद्यावर भोक असलेला जुना टायर आणि या मॉडेलच्या चाकात सेन्सर नसतो असे अधिकृत सेवा केंद्राने लेखी दिलेले पत्र आहे. हे पत्र मिळवायलाही मला भांडावे लागले, तरी मिळाले. त्यामुळे ज्यांनी अशा दुकानात ‘सेन्सर’ बसवून घेतले आहेत त्यांनी आधी आपल्या गाडीत ते मुळात आहेत का हे लेखी विचारून घ्यावे. बदललेला टायर भंगारात देऊ नये.

थंडीत दिवा लागला तर घाबरून पहिल्या दुकानात शिरू नका. गाडी सुरक्षित जागी उभी करा, चारही टायर डोळ्यांनी बघा, कोणताही बसलेला नसेल तर वेग कमी ठेवून पेट्रोल पंपापर्यंत जा, तिथे हवा मोफत मिळते. चारही चाकांत सारखी घट असेल तर ती थंडीची आहे. एकाच चाकात जास्त घट असेल तर ती गळती आहे आणि मग क्रमाने व्हॉल्व्हची पिन, व्हॉल्व्हचा देठ, खड्ड्याने वाकलेली किंवा गंजलेली रिमची कड आणि शेवटी टायर तपासायचा असतो, उलट्या क्रमाने नाही. माझ्या गाडीसारखी सोय असेल तर हवा भरल्यावर बटण स्वतः दाबा. आणि महामार्गाच्या या पट्ट्यात कोणाकडून डिसेंबर-जानेवारीत सेन्सरचे पैसे घेतले गेले असतील, तर त्यांनी पैसे ज्या खात्यावर गेले त्याची नोंद आजच जपून ठेवावी. आयोगापुढे माझ्या कागदाशेजारी दुसऱ्या कोणाचा तसाच कागद ठेवता आला, तर ‘हा एकाच गिऱ्हाइकाशी झालेला गैरसमज आहे’ असे त्या मालकाच्या वकिलाला म्हणता येणार नाही.