घरी येऊन रक्त नेणारी लॅब: तीन तारे, त्यातला एक त्या बाईंचा

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. चोपन्नाव्या वर्षी बायकोने हट्टाने माझी लिव्हरची तपासणी करवली. लॅबचं नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये.

पॅकेज ६५० रुपये, रात्रभर उपाशी. वेळ सातची, पोरगा उगवला सव्वाआठला. तोवर कोपऱ्यावरच्या पोह्यांचा वास घरभर. दोनदा टोचल्यावर शीर सापडली, तर त्याने सिरिंजचा दट्ट्या असा खेचला की रक्ताला फेस आला. मग सुईतूनच ते नळीत सोडलं.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लिव्हरच्या दोन एंझाइमांचा रिपोर्ट: एसजीओटी ११८, एसजीपीटी ४४. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'सॅम्पल हिमोलाइज्ड'. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एसजीओटी सीरममध्ये उतरतं, आकडा फुगतो. मी लगेच बायकोला म्हटलं, बघ, पोराची चूक! फोन केला, आणि कबूल करायला हवं, कुरकुर न करता दुसऱ्या सकाळी फुकटात फेरतपासणी.

या वेळी एक बाई आल्या, सातला पाच कमी असताना. देवासच्या, मराठीच निघाल्या. कोपराखाली उशी घ्यायला लावली, बोटाने शीर चाचपली, एका टोचण्यात नळी भरली आणि न हिसळता पाच-सहा वेळा हळूच उलटीसुलटी केली. "काका, जीजीटी पण करून घ्या, तुमच्या पॅकेजात नाहीये." माझी खरी तक्रार हीच. 'लिव्हर पॅकेज' म्हणून विकायचं आणि रोजच्या दारूने चढणारं एंझाइमच गाळायचं?

एसजीओटी ९२, एसजीपीटी ४१, जीजीटी २१०. सबब गेली.

आमच्या डॉक्टरांनी लाल आकड्यांवर बोट न ठेवता भागाकार केला: ओटी पीटीच्या दुपटीहून जास्त, हा दारूचा नमुना. पीटी जेमतेमच वर, म्हणून मी खुशीत होतो. ते म्हणाले, त्या एंझाइमला बी-६ जीवनसत्त्व लागतं, पिणाऱ्यांच्या अंगात तेच कमी, म्हणून पीटी फारसं चढत नाही. "मला चार पेगही चढत नाहीत" ही माझी फुशारकीही गेली. रोज प्यायल्याने लिव्हरमधलं सीवायपी२ई१ नावाचं एंझाइम वाढतं आणि दारू भरभर जाळतं. पण तेच एंझाइम पॅरासिटामॉलचा काही भाग विषात बदलतं. आणि मी रोज सकाळी डोकं धरून तीच गोळी गिळत होतो! हे रिपोर्टात कुठे छापणार म्हणा.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडली. पाच आठवड्यांनी जीजीटी ८४.

पुढचं सॅम्पल १५ तारखेला. बाईंनाच पाठवा, असं आत्ताच फोनवर सांगून ठेवलंय.