सिलिकॉनचा ब्रेस्ट फॉर्म ८ महिने वापरल्यावर: सावद्याच्या एका ब्लाऊज शिवणारीचा अनुभव

मी सावद्याला १९ वर्षं ब्लाऊज शिवते. मागच्या वर्षी मे महिन्यात कॅन्सरमुळे माझी उजवी छाती काढली, मग केमो, मग १५ वेळा शेक म्हणजे रेडिएशन, आणि या फेब्रुवारीपासून सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे ब्राच्या आत ठेवायची खोटी छाती, वापरतेय. घ्यायच्या आधी मराठीत खूप शोधलं पण वापरलेल्या बाईने लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून सगळं लिहून ठेवते.

आधी वस्तूचं सांगते. ऑपरेशन झाल्या झाल्या सिलिकॉन घालायचं नसतं, साधारण ६ ते ८ आठवडे कापसाचं नाहीतर सुती दोऱ्याने विणलेलं हलकं पॅड चालतं, माझं तर शेक संपून कातडी निवेपर्यंत तेच होतं, घरीच शिवलेलं. पण ते इतकं हलकं की हात वर केला की सरकायचं, गिऱ्हाइकाचं माप घेताना माझं अर्धं लक्ष तिकडेच. सिलिकॉनला वजन असतं आणि खरा फायदा तोच आहे. माझा फॉर्म वाण्याच्या काट्यावर साडेचारशे ग्रॅम भरला. एका बाजूचं वजन गेलं की खांदा वर चढतो, पाठ वाकडी पडते, मशीनवर बसलं की माझी मान भरून यायची, ते दोन महिन्यांत बरंच कमी झालं.

पहिला ऑनलाइन मागवलेला मात्र परत करावा लागला. मी ब्राचा नंबर टाकून मोकळी झाले, पण काखेच्या बाजूने किती काढलंय त्यावर आकार ठरतो, तिकोनी की थेंबासारखा, आणि ते घालून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरा जळगावला जाऊन, आरशासमोर अंगावर ब्लाऊज घालून, दोन्ही बाजू समोरून आणि कडेने बघून घेतला. फॉर्म ठेवायला आतून खिसा असलेली ब्रा महाग पडते, मी एकच घेतली आणि बाकी माझ्या जुन्या ब्रांना आतून मऊ सुती कापडाचे खिसे शिवले, अगदी छान झालेत.

उन्हाळा जड गेला, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, दुपारी लाईट गेली की फॉर्मच्या मागे घाम साचायचा, कातडी लाल व्हायची. मग मलमलचं कव्हर शिवलं, दुपारी एकदा काढून पुसायला लागले, आणि घरी असले की परत कापसाचं. रोज रात्री साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचा, टिपून त्याच्या डब्यातच ठेवायचा. आणि पदराची पिन! टोचली तर आतली जेल बाहेर येते आणि फॉर्म वाया. मी पदर आता डाव्या खांद्यावरही जपूनच पिनअप करते आणि टाचण्या तोंडात नाहीतर उशीत, ब्लाऊजला खोचायची जुनी सवय सोडली.

आता दुसरी गोष्ट, जी मला वस्तूपेक्षा जास्त बोलायची आहे. ब्लाऊज टाकायला बाई आली की मी विचारते गळा केवढा, कटोरी की प्रिन्सेस, बाही कुठवर, अस्तर लावू का. एका ब्लाऊजला चार प्रश्न. माझी छाती काढताना मला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, डॉक्टरांचा हात चांगला होता, टाके सुंदर आलेत. पण गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून वरून शेक देऊन छाती राखता येते, आणि जगण्याच्या हिशोबात दोन्ही सारखंच, हे अमेरिका आणि इटलीतल्या २० वर्षांच्या अभ्यासांनी २००२ मध्येच दाखवलंय, हे मला ऑपरेशननंतर मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये कळलं. माझी गाठ मोठी होती, कदाचित काढावीच लागली असती. तरी मला विचारायला हवं होतं, शरीर माझं होतं.

टाटात पहिला प्रश्न, ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे काढलेल्या गाठीचे मेणात आणि काचेवर जपलेले तुकडे, कुठे आहेत? माझ्याकडे नुसती फाइल. परत फेरा. बरं, रिपोर्टात हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) ‘टू प्लस’ लिहिलेलं, म्हणजे ते जास्त आहे की नाही हे नक्की नाही, पुढे फिश नावाची जास्त पक्की टेस्ट करावी लागते आणि त्यावर औषध ठरतं, तेही पहिल्या हॉस्पिटलात कोणी बोललं नव्हतं. म्हणून सांगते ताई, ऑपरेशनच्या आधी हाताने तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफी आणि जाड सुईची बायोप्सी तिन्ही झालंय का ते बघा, ‘आधी गाठ काढू मग बघू’ म्हटलं तर थांबा. जायला रेल्वेची सवलत आहे, हॉस्पिटलने सही-शिक्का दिला की स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. आम्ही भुसावळहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने जातो.

हाताचं पण कोणी नीट सांगितलं नाही. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो, जखम पिकू द्यायची नाही. शिवणारीला सुई टोचणारच, मी अंगुस्तान घातल्याशिवाय हातशिलाई करत नाही, बीपी आणि इंजेक्शन डाव्या हाताला. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम टाटातल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवला, भिंतीवर खडूने खुणा करून ठेवल्यात, आता हात कानाला लागतो.

सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘इतके दिवस काहून नाही सांगितलं वं माय?’ गाठ मला चार महिने आधी लागली होती, दुखत नव्हती म्हणून गप्प बसले. आता माप घेताना एखादी हळूच विचारते तेव्हा मी दुकानाचा पडदा ओढते, फॉर्म काढून तिच्या हातात देते आणि सगळं सांगते. तीन जणी तपासून आल्या, तिघींचं साधं निघालं.

परत घ्यायची वेळ आली की हाच घेईन, उन्हाळ्यासाठी मात्र एक हलका वेगळा. खिसा शिवायचं माप कोणाला हवं असेल तर विचारा, कापड किती लागतं तेही सांगते.