हृदयाच्या ठोक्यांची गोळी बंद करायला सांगणाऱ्यांपासून सावध राहा

रविवारी सकाळी पेपर उघडला आणि आतून गुलाबी पत्रक खाली पडलं. 'मोफत नाडी व संपूर्ण शरीर तपासणी शिबिर.' या वेळी सभागृह नागपुरातल्या मानेवाडा रोडवरचं आहे, फोन नंबर वेगळा आहे, पण मजकूर तोच आणि कोपऱ्यातलं लाल हृदयाचं चित्रही तेच. मागच्या वर्षी हेच पत्रक हातात घेऊन मी सक्करदऱ्याच्या एका समाजभवनात गेले होते. तिथून जे सुरू झालं ते धंतोलीच्या एका आयसीयूत जाऊन थांबलं. आजवर हे फक्त घरच्यांना माहीत होतं. पत्रक पाहिल्यावर गप्प बसवेना.

मी पन्नाशीची, महालातल्या एका शाळेत गणित शिकवते. बीपी आणि शुगर आधीपासून आहे. त्याच्या आदल्या दिवाळीत चकल्या तळताना छातीत एकदम फडफड सुरू झाली, पिशवीत पाखरू कोंडल्यासारखी. ईसीजी निघाला आणि एट्रियल फिब्रिलेशन असल्याचं कळलं. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथे साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून दोन गोळ्या सुरू झाल्या. ठोके आवरायला मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ ठेवायला अपिक्साबान.

फडफड थांबली, पण पंधरा दिवसांत माझ्यातला जोरच गेला. साधा थकवा म्हणजे रात्री झोपलं की सकाळी उतरतो. हा सकाळी उठतानाच अंगावर बसलेला असायचा. कणीक मळायला घेतली की निम्म्यात हात परातीच्या काठावर टेकवून उभी राहायची. बोटांना पीठ तसंच, आणि पुढचा दाब द्यायला दंडात ताकदच नाही. शाळेत माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबायची आणि मुलं बाजूने पळत जायची. वर्गात गेल्यावर फळ्याकडे पाठ करून दोन मिनिटं खुर्चीत बसायचं, मग हजेरी घ्यायची. 'नववीच्या बाई आताशा बसूनच शिकवतात' असं कुणीतरी ऑफिसात बोललं, ते मला फार लागलं.

हे मी डॉक्टरांना सांगितलं का? नाही. दर महिन्याच्या फेरीत ते विचारायचे, "धडधड होते का?" मी म्हणायची, "नाही." ते नाडी बघायचे, छान म्हणायचे. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, आपला थकवा काय सांगायचा! आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाल्यापासून पाळीत अंगावरून खूप जायला लागलं होतं. पाळी जायचं वय आहे, असं होतंच, म्हणून ते मी मनातच ठेवलं. माझी फसवणूक खरी सुरू झाली ती इथून.

शिबिरात मला पहिला प्रश्न आला, "ताई, थकवा किती दिवसांपासून आहे?" पांढऱ्या कोटातला तिशीचा मुलगा, आवाज अगदी मऊ. चार महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "तुमची चूक नाही ताई, त्या गोळ्या माणसाला आतून झिजवतात." त्या क्षणापासून त्याने सांगितलेलं सगळं मला खरं वाटायला लागलं.

मग दोनशे रुपयांत मशीनची तपासणी. हातात धातूची एक गुळगुळीत दांडी धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. वय, उंची, वजन टाकलं. मिनिटभर पडद्यावर रंगीत आकृत्या फिरल्या आणि चाळीसेक पानांचा रिपोर्ट छापून आला. हृदयाची लवचिकता, मेंदूचा रक्तपुरवठा, लिव्हर, हाडं, सगळ्यांचे आकडे दशांश चिन्हापर्यंत. रक्ताचा थेंब न काढता हे कसं कळतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मुलांना मी रोज सांगते, उत्तर कसं आलं ते दाखवा. इथे मी विचारलं नाही.

तीन महिन्यांचा कोर्स १४,५०० रुपयांचा. दोन बरण्या चूर्ण, एक काढा आणि बिनचिठ्ठीच्या पुड्या. पैसे एका माणसाच्या खासगी खात्यावर यूपीआयने. पावती मागितली तर "व्हॉट्सॲपवर पाठवतो ना जी." बरणीवर फक्त नाव आणि हृदयाचं चित्र होतं. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटक लिहिलेले असतात. यातलं काहीच नव्हतं. घरी कुणाला सांगितलं नाही, कारण यांनी आधीच नको म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. "मेटोप्रोलॉल आणि रक्ताची गोळी दोन्ही बंद करा. सोबत घेतलं तर आमचं औषध लागू होत नाही, आणि रक्ताची गोळी किडनी खराब करते." मी दोन्ही बंद केल्या. एकदम.

आणि मला बरं वाटलं! हे मुद्दाम सांगते आहे, कारण याच ठिकाणी माणूस पुरता अडकतो. आठवड्याभरात जिने चढता यायला लागले, कणीक एका दमात मळून व्हायची, भूकही वाढली. मी त्या मुलाला फोन करून आशीर्वाद दिले. शेजारच्या काकूंनाही गुडघ्यांसाठी शिबिरात धाडलं. त्याने मला लगेच ९,८०० रुपयांचा 'बूस्टर' दिला. बरं वाटण्याचं कारण मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. ॲड्रेनॅलिन म्हणजे हृदयाला वेग द्यायला लावणारं शरीरातलं संप्रेरक. मेटोप्रोलॉल त्याचा हृदयावरचा जोर कमी करते. जिना चढताना हृदयाने वेग वाढवायचा असतो, तो ती वाढू देत नाही, म्हणून दम संपतो. गोळी थांबली की तो लगाम सुटतो. माझा थकवा गोळी थांबल्याने उतरला होता आणि श्रेय मी चूर्णाला देत होते. पण एकदम थांबवल्यावर हृदय काही दिवस ॲड्रेनॅलिनला नेहमीपेक्षा जास्त दाद देतं आणि ठोके उसळू शकतात. म्हणून ही गोळी बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात.

होळीच्या आधीची रात्र. दोन वाजता जाग आली ती छातीतल्या धडधडीनेच. ऑक्सिमीटर बोटाला लावला. १४८, मग १६३, मग १३१, आकडा एका जागी थांबेना. तळहात ओले, गळ्यापाशी उड्या. मी डॉक्टरांना नाही, त्या मुलाला फोन लावला. त्याने उचलला. "घाबरू नका ताई, शरीरातलं विष बाहेर पडतंय. ही चांगली खूण आहे. शुद्धीकरण किट आजच चालू करावं लागेल, सकाळी माणूस घरी येऊन देईल." पलंगाच्या कडेला बसून, एक हात छातीवर दाबून, दुसऱ्या हाताने मी १७,००० रुपये पाठवले. पिन दोनदा चुकला. माणूस आलाच नाही. सकाळपासून फोन बंद. एकूण ४१,५०० रुपये.

सहा वाजता हे उठले, माझा चेहरा पाहून काही न विचारता ऑटो आणायला धावले.

हॉस्पिटलमध्ये सगळं खरं सांगावं लागलं. रक्त पातळ करणारी गोळी तीन आठवडे बंद होती, म्हणून विजेचा झटका देऊन ठोके लगेच जागेवर आणता येईनात. आत गुठळी असेल तर झटक्याने ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. आधी शिरेतून औषध देऊन वेग कमी केला, मग घशातून नळी टाकून हृदयाची सोनोग्राफी केली. ती नळी गिळताना मी कोणाकोणाचा धावा केला ते मलाच माहीत. गुठळी नव्हती. दुसऱ्या दिवशी झटका देऊन ठोके सरळ केले. शुगर २८० च्या वर गेली होती. डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्याने भूक वाढते, तरतरी येते आणि शुगरही चढते. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण पुड्या घेऊन या. कुणी असं काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, बरणीसकट घेऊन जा. स्टिरॉइड असेल तर तेही एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना कणकेपासून जिन्यापर्यंत सगळं सांगितलं, पाळीचंही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर आपण तेव्हाच गोळी बदलली असती." एवढंच होतं ते! हिमोग्लोबिन ९.४ निघालं. म्हणजे निम्मा थकवा त्या गोळीचा नव्हताच. शरीरातलं लोह कमी झालं होतं आणि त्याचं कारण मी जवळपास पाच महिने पदराआड ठेवलं होतं. थायरॉइडही तपासलं, ते ठीक होतं.

मग त्यांनी कागदावर एकेक पर्याय लिहून दाखवला. त्याच जातीतली बिसोप्रोलॉलसारखी दुसरी गोळी कमी मात्रेत, किंवा तीच गोळी रात्री. दुसऱ्या जातीची डिल्टियाझेम, तिने थकवा बहुतेक कमी येतो, पण पाय सुजू शकतात आणि पोट साफ होत नाही. हृदयाची रचना चांगली असेल तर ताल टिकवणारी फ्लेकेनाइड. अमिओडारोन जोरदार असते, पण तिच्यात आयोडीन पुष्कळ, थायरॉइड बिघडवू शकते, म्हणून तिच्यावर रक्ततपासण्या करत राहाव्या लागतात. आणि कॅथेटर ॲब्लेशन, ज्यात फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चुकीचे विद्युतसंकेत अडवतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं होतं की ही फडफड बहुतेक वेळा त्या शिरांतूनच उठते. मला डिल्टियाझेम दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र चालूच.

घरी आल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. "काहून वो ताई, किती पांढऱ्या पडल्या तुम्ही!" मी त्यांचा मशीनचा रिपोर्ट मागवून घेतला आणि माझ्या रिपोर्टशेजारी ठेवला. आमचं वय, उंची, वजन जवळपास सारखं. हृदयाच्या पानावरचे सातही आकडे दशांशापर्यंत तेच! त्यांचं हृदय धडधाकट आणि माझं असं. डॉक्टरांना विचारून त्यांची औषधं मी बंद करायला लावली आणि बरणी माझ्या बरणीसोबत ठेवली. त्यांचे ६,००० रुपये माझ्या शब्दावर गेले, ते मी परत केले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन मी आठ दिवसांनी केला, तोवर खात्यातून पैसे निघून गेले होते. पैसे गेल्याच्या तासा-दोन तासांत फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. सायबरकडे तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट दिले. अन्न व औषध प्रशासनाकडे पत्रक आणि बरण्यांचे फोटो लेखी अर्जासोबत दिले. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार हृदयरोग, मधुमेह, रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करणंच गुन्हा आहे, हे मला या धावपळीत कळलं. आयुर्वेदावर माझा राग नाही. महालातल्या ज्या वैद्यांकडे आई जायची, त्यांच्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र टांगलेलं असायचं, आणि दुसऱ्या डॉक्टरची गोळी बंद करा असं त्यांनी कधी सांगितलं नाही. समोरच्याचा नोंदणी क्रमांक विचारा. मी विचारला असता तर तो मुलगा तिथेच चाचरला असता.

पैसे परत आलेले नाहीत. हिमोग्लोबिन ११.८ झालं आहे. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, ते मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मात्रा जरा कमी केली. तिसऱ्या मजल्यावर आता एकदाच थांबून जाते. उद्या शाळा सुटल्यावर हे गुलाबी पत्रक घेऊन मी आणि काकू पोलीस ठाण्यात जाणार आहोत. शिबिर शनिवारी आहे.