वजन उतरलं, कातडी लोंबली: थांबायचं, मशीन लावायचं की ऑपरेशन?

पंधरा किलो उतरवलेल्याला आणि पन्नास किलो उतरवलेल्याला एकच सल्ला लागू पडत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी घरीच एक गोष्ट तपासा. थोडं पुढे वाकून बेंबीखालची घडी अंगठा आणि दोन बोटांत धरा. हाताला जाडसर, मऊ गादी लागली तर ती उरलेली चरबी; तिला आहार-व्यायामच हवा. पातळ, सुरकुतलेली घडी आली तर ती कातडी. बहुतेकांकडे दोन्ही असतं आणि चरबीलाच सैल कातडी समजून अनेक जण मशीनवाल्याकडे धावतात.

थांबण्याचा पर्याय तरुणांना आणि कमी वजन उतरलेल्यांना खरोखर उपयोगी पडतो. वजन स्थिर झाल्यावरही काही महिने कातडी थोडीफार आवळते. वर्ष-दीड वर्ष द्या. वय जास्त, लठ्ठपणा अनेक वर्षांचा, जोडीला तंबाखू असेल तर अपेक्षा कमी ठेवा, कारण आतले ताणलेले तंतू तुटलेले असतात. वजन उचलण्याच्या व्यायामाने दंड-मांड्या भरतात, तिथला सैलपणा झाकला जातो. पोटाची लोंबती घडी मात्र क्रंचेस मारून जात नाही. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज साधारण ८५ ते ११० ग्रॅम (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). आपली शेंगाचटणी इथे फसवते: १०० ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिनं २५ ग्रॅम, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. भाकरीबरोबर डाळ, मटकी, अंडी, दही वाढवा.

क्रीमने कातडी मऊ होते, आवळत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीसारखी (रेडिओ लहरींची) मशीन आतला थर तापवून नवं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट धरणारं प्रथिन, तयार करायला लावतात. तीन ते सहा बैठका लागतात, फरक दिसायला दोन-तीन महिने. हनुवटीखाली, दंडावर किंचित सैलपणा असेल तर ठीक. हातात धरता येणारी झोळी त्याने जात नाही, मग पॅकेज कितीही बैठकांचं असो.

झोळी असेल तर ऑपरेशनच. पोटाच्या ऑपरेशनमध्ये जादा कातडी कापतात, गरज असेल तर सैल पडलेले स्नायूही शिवतात. व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, कायमचा. वर्षभरात तो फिकट होतो, नाहीसा होत नाही. पोटाला बांधायचा पट्टा साधारण सहा आठवडे आणि तेवढाच काळ पाण्याची कळशी किंवा लेकरू उचलायचं नाही. टाक्यांखाली पाणी साठणं, टाके उसवणं हे नेहमीचे त्रास. तंबाखू, मावा, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेची कड काळी पडते. हे सर्जनपासून लपवू नका. वजन सहा महिने स्थिर नसेल किंवा बाळंतपण व्हायचं असेल तर थांबा. विमा दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे देत नाही. वैद्यकीय गरज असेल तर घडीतल्या जखमांचे फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञांचे कागद आधीपासून जपून ठेवा. तारीख दिवाळीनंतरची घ्या. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चोवीस तास पट्टा सोसणं कठीण.

आणि कोणताही मार्ग धरला तरी घडी सांभाळावीच लागते. आंघोळीनंतर घडी उचलून टिपून कोरडी करा, चोळू नका. घामाने पावडरचे गोळे होतात आणि तेच घासतात. त्यापेक्षा जुन्या सुती पंचाची घडी मध्ये ठेवा, ओली झाली की बदला. लाल चट्टे, खाज, वास सुरू झाला तर मेडिकलमधून मागून आणलेली मिश्र ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं: दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो आणि आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचा विभागात दाखवा.