कॅनिस्टर फिल्टर घेताय? आधी मोटरवरचा स्टिकर नखाने उचकटून बघा

सोलापुरात माशांचा मोठा टँक ठेवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे दर आठवड्याला निम्मं पाणी बदला हे युट्यूबवर ऐकायला बरं वाटतं, इथं घरात साठवलेलं पाणी ऑस्कर माशांना ओतायला लागलो तर मंडळी मलाच टँकमधे सोडतील. म्हणून फिल्टर तगडा पाहिजे. माझा टँक ४ फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ २५० लिटरच्या आसपास, आत दोन ऑस्कर, आणि हा मासा खाण्यात आणि घाण करण्यात एक नंबर. टँकच्या वर बसणारा टॉप फिल्टर पुरत नव्हता म्हणून कॅनिस्टर, म्हणजे टँकच्या खाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्यायचं ठरलं.

घ्यायच्या आधी तुलना रीतसर केली होती. एहाईमचा क्लासिक २२१७ घ्या, १००० लिटर तासाला, २० वॅट, कंपनी म्हणते ६०० लिटरच्या टँकपर्यंत चालतो. फ्लुव्हल ४०७ घ्या, १४५० लिटर तासाला, ५०० लिटरपर्यंत. आणि सनसनचा ३०३बी, १४०० लिटर, ३५ वॅट, वर ९ वॅटचा युव्ही दिवा (३०३ए मधे युव्ही नसतो, दुकानदार ए देऊन बीचे पैसे लावतोय का ते बघत जा). यातला आकडा कुठलाही असो, तो रिकाम्या डब्याचा असतो हे लक्षात ठेवा. आत स्पंज, सिरॅमिक रिंग, फ्लॉस भरलं की प्रवाह बराच उतरतो, तीसचाळीस टक्के तर सहज. एहाईमचा आकडा कमी दिसतो तरी लोक वर्षानुवर्षं तोच वापरतात कारण आत मीडियाला, म्हणजे या स्पंज-रिंगांना, जागा भरपूर आहे, आणि माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया राहतात मीडियात, मोटरमधे नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. पाहिजे ते मॉडेल शिल्लक नव्हतं. दुकानदार म्हणाला, "मालक, त्याच्यापेक्षा भारी देतो, जर्मन कंपनी आहे, चायनात फक्त जोडणी करतेत." बॉक्स चकाचक, वर १४०० एलपीएच (लिटर तासाला), ३५ वॅट, साडेनऊ हजार. बिल दिलं साध्या पॅडवर, लिहिलं काय तर "मासे सामान". पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा पडेल की मालक". मी अडून बसलो तेव्हा मॉडेल नंबर, तारीख आणि सही घालून दिलं, आणि पुढे त्याच कागदाने मला तारलं.

घरी लावला. पाणी स्प्रे बारमधून (भोकं पाडलेल्या नळीतून) येत होतं पण जोरच नाही, समोरच्या काचेजवळची घाण जागची हलत नव्हती. फोन केला तर म्हणे तुमचं स्टँड उंच आहे, पाणी वर चढवताना मोटर दमते. इथं बऱ्याच जणांची दिशाभूल होते म्हणून जरा सविस्तर सांगतो, कॅनिस्टर बंद लूप असतो, जितकं पाणी वर चढवायचं तितकंच दुसऱ्या पाईपने टँकमधून खाली येत असतं, दोन्हीकडचं वजन एकमेकाला तोलतं, त्यामुळे स्टँड दोन फूट का तीन फूट याने फार फरक पडत नाही, मोटरला झगडावं लागतं ते पाईप आणि मीडियाच्या अडथळ्याशी. स्टँडवाली सबब कुणी सांगितली तर समजून जा.

मग मी सगळा मीडिया काढला, डबा रिकामा ठेवून परत लावला आणि आउटलेट रंगाच्या २० लिटरच्या डब्यात सोडला. डबा स्टुलावर, टँकच्या पाण्याच्या लेव्हलला, कारण जमिनीवर ठेवला तर सायफनने पाणी आपोआप जोरात येतं आणि मोटर बरी वाटते. १४०० लिटर तासाला म्हणजे २० लिटरचा डबा ५०-५५ सेकंदात भरायला पाहिजे. पाईपचा अडथळा धरून सव्वा मिनिट म्हणू. माझा डबा भरायला दोन मिनिटं. रिकाम्या फिल्टरवर! प्लगमधे लावायचा वॅट मीटर आणला, तो १५ वर अडकला, बॉक्सवर ३५. हे सांगितलं तर दुकानदार काय म्हणावं, "लाईट बिल वाचतंय की मालक!"

मग मोटरचं डोकं हातात घेतलं. स्टिकरची एक कडा थोडी उचललेली होती, नखाने सावकाश काढला तर खाली दुसरा स्टिकर. फिकट झालेला, पण वाचता येत होता, ७०० एलपीएच, १५ वॅट. इम्पेलर (पाणी ढकलणारा छोटा पंखा) बाहेर काढला तर त्याच्या खोबणीत पांढरा क्षार बसलेला, खडूसारखा, आणि ओ-रिंग, म्हणजे पाणी गळू नये म्हणून असलेली रबरी कडी, चपटी होऊन गेलेली. कंपनीत टेस्ट करताना एकदा पाणी फिरवलं म्हणून असा थर बसत नाही, हा कुणाच्या तरी घरी बोअरच्या जड पाण्यात महिनोन्महिने चाललेला माल होता, धुवून पुसून नव्या बॉक्समधे भरलेला. बॉक्सवर इम्पोर्टरचं नाव-पत्ता नाही, छापील एमआरपी नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे दोन्ही असायलाच लागतं, दुकानदाराने मागून चिकटवलेल्या नुसत्या किमतीवर जाऊ नका.

मासे वाचले कारण जुना टॉप फिल्टर मी बंद केला नव्हता. याच माणसाने सांगितलं होतं, नवीन लावला की जुना काढून टाका, ही बॅक्टेरियाची बाटली ओता, दुसऱ्या दिवशी टँक तयार. असलं काही नसतं, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया नव्या मीडियात बसायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर दोन्ही फिल्टर एकत्र चालवा, नाहीतर जुना स्पंज नव्यात टाका.

परत गेलो तर त्याने भिंतीवरची पाटी दाखवली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. खराब माल परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. मी तिथंच उभं राहून १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला आणि म्हणालो, जिल्हा ग्राहक आयोगातही जातो, ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी पण नाही. दोन्ही स्टिकरचे फोटो दाखवले. मग आवाज खाली आला. "मीडिया वापरला" म्हणून पाचशे कापायला बघत होता, ते पण दिले नाहीत, पूर्ण पैसे घेतले आणि फिल्टर त्याला दिला.

आता मित्र सांगतोय तोच फिल्टर परत शोकेसला लागलाय, किंमत नऊ हजार. वायरला प्लगजवळ मी निळी टेप गुंडाळली होती, त्याने काढली नसेल तर ओळखू येईल.