किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होण्यासाठीचा मुंबईतील प्रशिक्षणवर्ग: काय मिळते आणि काय मिळत नाही

न्यूक्लिओनिक गेज, म्हणजे किरणोत्सर्गाच्या साहाय्याने पातळी वा वजन मोजणारी उपकरणे, वापरणाऱ्या कारखान्यांमधील किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे सर्वजण ज्यांना आरएसओ म्हणतात त्यांच्यासाठी, मुंबईत होणारा एक प्रशिक्षणवर्ग मी नुकताच पूर्ण केला. ज्यांच्या कारखान्यात असा किरणोत्सारी स्रोत आहे त्यांनी हा वर्ग अवश्य करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या पदावरील माणसाला प्रसंगी चालू काम थांबवावे लागते आणि त्यासाठी लागणारी तयारी या वर्गातून पुरेशी होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आयोजक संस्थेचे नाव मी येथे घेत नाही, कारण माझ्या तक्रारी त्या एका संस्थेपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

मी तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काम करते. आमच्याकडे काही टाक्यांवर सीझियम-१३७ वापरणारी लेव्हल गेज आहेत. टाकीच्या एका बाजूला शिशाच्या जाड आवरणात स्रोत असतो, समोरच्या बाजूला डिटेक्टर असतो आणि मधला द्रव वर चढला की गॅमा किरण अडले जाऊन डिटेक्टरवरची मोजणी घटते. द्रव कितीही गरम, दाहक किंवा दाबाखाली असला तरी त्याला स्पर्श न करता पातळी कळते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. कागद कारखान्यांत कागदाचे वजन मोजायला क्रिप्टॉन-८५ चे बीटा किरण वापरतात, त्याचेही तत्त्व हेच. ही उपकरणे वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात आणि नेमकी त्यामुळेच ती लोकांच्या नजरेतून उतरतात. त्यांच्यावर रंगाचे हात चढतात, इशारा देणारे पिवळे चिन्ह पुसट होते आणि नव्या माणसाला तिथे काय आहे हे कोणी सांगत नाही. वर्गात आलेल्या बहुतेकांच्या कारखान्यांत कमीअधिक प्रमाणात हीच स्थिती होती.

सुरुवातीची सत्रे कायद्यावर आहेत आणि ती अपेक्षेपेक्षा बरीच चांगली आहेत. १९६२ चा अणुऊर्जा कायदा, त्याखालचे २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आणि १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले, अणुशक्तीनगरच्या नियामक भवनातून काम करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ, हा सारा पट शिक्षकांनी कलमांची घोकंपट्टी न करता उलगडला. परवानाधारकाची जबाबदारी कोणती, मालकाची कोणती आणि सुरक्षा अधिकाऱ्याची कोणती, हे वेगवेगळे करून सांगितल्यामुळे अनेकांचा मोठा गैरसमज दूर झाला. वर्ग उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हातात आले म्हणजे माणूस आरएसओ होत नाही. त्याच्या संस्थेने मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून त्याचे नाव सुचवावे लागते आणि मंडळाने मान्यता दिल्यावरच ती नेमणूक खरी ठरते. ती मान्यता त्या संस्थेपुरती असते, त्यामुळे नोकरी बदलली की ती सोबत येत नाही. आमच्या तुकडीतील काही जणांना हे प्रथमच समजत होते.

गणिताच्या सत्राला मात्र माझी मनापासून दाद आहे. वेळ, अंतर आणि कवच हे तीन शब्द प्रत्येक भित्तिपत्रकावर असतात, पण त्यांच्यामागचे आकडे स्वतः मांडल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही. १०० मिलिक्युरीचा (हे स्रोताच्या ताकदीचे माप) सीझियम-१३७ स्रोत कवचाबाहेर उघडा राहिला तर १ मीटरवर तासाला साधारण ०.३ मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे माप) मात्रा मिळते. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे ती सव्वातीन तासांत संपते. मागे सरकून २ मीटरवर गेले की हीच मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते. उलट १० सेंटिमीटरपर्यंत हात नेला तर ती शंभरपट होते आणि वर्षाची मर्यादा दोन मिनिटांत ओलांडली जाते. शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर लिहून दिले नाहीत, ते आमच्याकडून कॅल्क्युलेटरवर काढून घेतले आणि ज्याचे उत्तर चुकले त्याच्याजवळ जाऊन कुठे चुकले ते पाहिले. साडेसहा मिलिमीटर शिसे सीझियमचे किरण निम्मे करते, कोबाल्ट-६० साठी मात्र साधारण १२ मिलिमीटर लागते. एका समस्थानिकासाठी पुरेसे असलेले कवच दुसऱ्याला का चालत नाही, हे त्यातून आपोआप उमगले. सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे, त्यामुळे तिशी गाठलेले गेजही निम्म्या ताकदीचे असते आणि ‘जुने झाले, आता त्यात काय उरले असणार’ हा शॉपफ्लोअरवर नेहमी ऐकू येणारा समज किती घातक आहे, हेही याच सत्रात समजले.

मात्रेच्या मर्यादा सांगताना भीती वाढवली गेली नाही आणि बेफिकिरीही शिकवली गेली नाही. जगभरात निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूच्या पट्ट्यात त्याहून बरेच अधिक, ही पार्श्वभूमी आधी दिली गेली. त्यानंतर किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा सांगितली: पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदर कर्मचाऱ्याविषयीचा भाग मी लक्ष देऊन ऐकला. गर्भारपण कळवल्यानंतर गर्भाला मिळणारी मात्रा उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील अशी कामाची रचना करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे आणि तेवढ्या कारणावरून त्या स्त्रीला कामावरून काढता येत नाही. अनेक कारखान्यांत बायकांना या कामाजवळच येऊ दिले जात नाही आणि त्याला काळजीचे नाव दिले जाते. वर्गात ही गोष्ट नियमाच्या आधारे बोलली गेली याचे मला समाधान वाटले.

सर्वांत मोलाचे सत्र सर्व्हे मीटरचे, म्हणजे एखाद्या जागी किती किरणोत्सर्ग आहे ते दाखवणाऱ्या हातातल्या उपकरणाचे होते. मीटर चालू करण्याआधी बॅटरी तपासायची, कॅलिब्रेशनची मुदत शिल्लक आहे ना ते स्टिकरवर पाहायचे, चेक सोर्सजवळ, म्हणजे तपासणीसाठीच्या छोट्या सौम्य स्रोताजवळ, नेऊन काटा हलतो का ते बघायचे, परिसरातील पार्श्वभूमीचे वाचन लिहून घ्यायचे आणि मगच दुरून, मीटर चालू ठेवून, सावकाश स्रोताकडे जायचे, हा क्रम आमच्याकडून करून घेतला गेला. जवळ पोहोचल्यावर मीटर सुरू करायचा नाही, यामागचे कारणही सांगितले गेले. काही गायगर-म्युलर मीटर फार तीव्र क्षेत्रात गेले की मोजायचेच थांबतात आणि शून्य किंवा अगदी कमी वाचन दाखवतात. ज्याने दुरून चढत जाणारा आकडा पाहिलेला नाही, त्याला ते शून्य सुरक्षिततेचे वाटेल. पुस्तकात हे वाक्य एका ओळीत असते. हातात मीटर धरून एकेक पाऊल टाकताना वाचन कसे वाढते ते स्वतः पाहिले की ते कायमचे लक्षात राहते.

त्यानंतर एका रिकाम्या, स्रोत नसलेल्या हाउसिंगवर, म्हणजे स्रोताच्या जाड आवरणावर, शटरचे, म्हणजे किरणांची वाट बंद करणाऱ्या झडपेचे, प्रात्यक्षिक झाले. हँडल फिरवून शटर बंद करायचे, खूण जुळली का पाहायचे, कुलूप लावायचे आणि चावी स्वतःकडे ठेवायची, एवढे सर्वांना माहीत असते. शिक्षकांनी मात्र हाउसिंग उघडून आतली रचना दाखवली आणि गंजामुळे हँडल व आतला फिरता भाग यांचा सांधा तुटला तर बाहेरचे हँडल ‘बंद’ दाखवत असतानाही आतले भोक उघडेच राहू शकते, हे आम्हाला बोटाने चाचपून पाहायला लावले. ‘हँडल बंद दिसते म्हणून टाकीत माणूस सोडू नका, आधी मीटर लावा,’ असे ते म्हणाले. शटडाउनच्या काळात टाकी साफ करायला उतरणारे बहुधा कंत्राटी कामगार असतात, त्यांच्या छातीवर मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज नसतो आणि भिंतीपलीकडे काय बसवलेले आहे याची त्यांना कल्पना नसते. टाकीत उतरण्याच्या परवान्यावर आरएसओची सही हवी ती याचसाठी. परत आल्यावर मी आमच्या परवान्याच्या नमुन्यात शटर बंद केल्यानंतरच्या मीटर वाचनासाठी स्वतंत्र जागा करून घेतली.

इथेच माझी पहिली तक्रार येते. एवढ्या महत्त्वाच्या सत्राला तुकडीच्या मानाने मीटर फारच थोडे होते. प्रत्येकाच्या हातात ते काही मिनिटेच आले आणि मागे उभ्या असलेल्यांना शटरचे प्रात्यक्षिक पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहावे लागले. अणूची रचना व किरणांचे प्रकार यांवरची सत्रे थोडी आवरती घेऊन तो वेळ प्रात्यक्षिकाला देता आला असता, कारण समोर बसलेले बहुतेक जण विज्ञानाचे पदवीधर किंवा डिप्लोमाधारक होते. आणीबाणीच्या प्रसंगाचे शिक्षणही नुसत्या व्याख्यानावर भागवले गेले. आग लागून गेज जळाले, स्रोत जागेवर नाही असे आढळले, अशा प्रसंगी कोणी कुठे दोरी बांधायची, कोणाला फोन करायचा, याची एखादी तालीम अंगणात सहज घेता आली असती.

अपघातांच्या इतिहासाचे सत्र चांगले झाले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात पोहोचलेला कोबाल्ट-६० हा दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या, पडून असलेल्या गॅमा इरॅडिएटरमधला, म्हणजे प्रयोगासाठी नमुन्यांवर गॅमा किरण सोडणाऱ्या यंत्रातला होता आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. कोणालाही फसवण्याचा हेतू नसताना, केवळ त्या यंत्रात काय आहे याची नोंद व आठवण हरवल्यामुळे ते घडले. मुंबईत हे ऐकताना मानखुर्दच्या मंडाळ्यातले भंगाराचे गाळे डोळ्यांसमोर येतात, जिथे हातांनी लोखंड सोडवणारी माणसे दिवसभर राबतात. बंद पडलेले गेज मंडळाच्या परवानगीने पुरवठादाराकडे किंवा अधिकृत विल्हेवाटीसाठीच गेले पाहिजे आणि स्टोअरच्या भंगार यादीत ते कधीही शिरता कामा नये, यावर शिक्षकांनी दिलेला भर अगदी योग्य होता.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आरएसओ हा बहुतेक कारखान्यांत उत्पादन प्रमुखाच्या हाताखालचा कर्मचारी असतो. धोक्याची परिस्थिती आढळली तर तिची चौकशी करून उपाय सुचवणे आणि ती सक्षम अधिकाऱ्याला कळवणे ही त्याची नियमानुसार जबाबदारी आहे. पण शटडाउन आधीच लांबलेले असताना, रात्रीच्या पाळीत, ‘मॅडम, दहा मिनिटांचे काम आहे, उतरू द्या’ असे वरिष्ठ सांगत असताना नकार कसा द्यायचा, तो लेखी कसा नोंदवायचा, कोणता नियम पुढे ठेवायचा, याविषयी संपूर्ण वर्गात एकही सत्र नव्हते. मी प्रश्न विचारला तेव्हा नियमावलीतली जबाबदाऱ्यांची यादी पुन्हा वाचून दाखवली गेली. ज्यांनी वर्षानुवर्षे कारखान्यांची तपासणी केली आहे अशा माणसांनी दोन-तीन खऱ्या प्रसंगांवर तासभर चर्चा घेतली असती, तर तो तास या वर्गातला सर्वांत उपयोगी ठरला असता.

याच्याशीच जोडलेला मुद्दा भाषेचा. शिकवणे इंग्रजी-हिंदीत झाले, त्याबद्दल तक्रार नाही. परराज्यांतूनही लोक आले होते. पण कामगारांना सूचना देणे हे आरएसओचे रोजचे काम आहे आणि त्यासाठी दिलेले सारे साहित्य केवळ इंग्रजीत होते. तळोजे, महापे, अंबरनाथ या पट्ट्यातल्या कामगारांसमोर लावता येईल असा एक साधा मराठी-हिंदी तक्ता तरी आयोजकांनी तयार करून द्यायला हवा होता. प्रत्येक कारखान्यातला आरएसओ आपापल्या परीने भाषांतर करत बसला की सूचनांमध्ये तफावत पडते आणि सुरक्षेच्या बाबतीत ती परवडत नाही.

परीक्षा लेखी आणि तोंडी अशी झाली. गणिते व नियम नीट केले असतील तर ती अवघड नाही, मात्र तोंडी परीक्षेत मीटर हातात देऊन प्रश्न विचारतात, तेव्हा प्रात्यक्षिकात मागे उभे राहणाऱ्यांची अडचण होते. जागा हार्बर लाइनवरून गाठायला सोयीची होती, जेवण साधे आणि चांगले होते. शुल्क कंपनीने भरले असले तरी, जे शिकायला मिळाले त्या मानाने ते मला वाजवी वाटले.

जाणाऱ्यांनी आपल्या कारखान्यातील प्रत्येक गेजचे समस्थानिक, बसवताना असलेली क्युरी किंवा बेक्वेरेलमधील क्रियाशीलता, ती मोजल्याची तारीख आणि शटरच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल बरोबर न्यावा. गणिताच्या सत्रात तयार उदाहरणांऐवजी स्वतःच्या गेजचे आकडे मांडता येतात, आणि शिक्षक मधल्या सुट्टीत ते कागद मन लावून पाहतात. आमच्या एका गेजच्या नोंदीत क्रियाशीलतेची तारीखच नव्हती, हे मला तिथे त्यांनीच दाखवून दिले आणि ती पुरवठादाराकडून कशी मागवायची त्याचे पत्रही लिहून घेतले.