सांगलीतली वर्ग-प्रोजेक्टर देखभाल सेवा: माणूस वेळेवर येतो, केबलचं मात्र बघा

विश्रामबाग भागातल्या एका पुरवठादाराची ही महाविद्यालयांसाठीची वार्षिक देखभाल सेवा. वर्षातून चार ठरलेल्या भेटी, आणि वर्गातला प्रोजेक्टर बंद पडला तर त्याच दिवशी माणूस. हे दुसरं कलम ते खरोखर पाळतात, म्हणूनच सेवा घेण्यासारखी आहे. 48 मिनिटांच्या तासात पडद्यावर चित्र आलं नाही, तर तो तास मुलांच्या हातून गेलाच.

भेटींचं वेळापत्रक मात्र इथल्या हवेला धरून नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याची काळी राख प्रोजेक्टरच्या हवेच्या फिल्टरच्या स्पंजात बसते आणि स्पंज बोटाने दाबला की बोट काळं होतं. हवा अडली की पंखा जोरात घोंघावतो, तापमानाचा दिवा लुकलुकतो आणि प्रोजेक्टर आपोआप बंद होतो. दोष चित्र पाडणाऱ्या आतल्या दिव्यावर जातो आणि चांगला दिवा फुकट बदलला जातो. नोव्हेंबर ते मार्च फिल्टर दर महिन्याला साफ झालाच पाहिजे. करारात तसं लिहून घ्या. दिवा बदलल्यावर तो किती तास जळला हा प्रोजेक्टरमधला आकडा शून्यावर आणायला त्यांची माणसं विसरत नाहीत, हे चांगलं.

खरी कमजोरी केबलची. टेबलापासून भिंतीतून छतापर्यंत सहज 15 मीटर होतात आणि ते तिथे साधी तांब्याची एचडीएमआय केबल (लॅपटॉपचं चित्र प्रोजेक्टरकडे नेणारी) ओढतात. 10 मीटरपुढे तिचा भरवसा नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मध्येच दोन सेकंद काळोख होतो. दुसरा लॅपटॉप लावला की कधी चालतंही, त्यामुळे खरा दोष सापडत नाही. इथे ऑप्टिकल एचडीएमआयच मागा, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने चित्र नेणारी केबल. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे, उलटं लावलं तर चित्र येत नाही. कोपऱ्यात ती काटकोनात दुमडू देऊ नका, आत काच असते. पाइपात एक जादा दोरीही सोडून घ्या, पुढची केबल ओढताना भिंत फोडावी लागणार नाही.

आवाजाच्या कामात त्यांचा हात बसलेला आहे. स्पीकरमध्ये गुणगुण असेल तर ते आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघतात. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाचा. मग ऑडिओ आयसोलेटर (आवाज पुढे जाऊ देऊन हा प्रवाह अडवणारी डबी) बसवतात, किंवा लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतात. चार्जरची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला ते देत नाहीत. कोणी दिला तर ऐकू नका.

वीज गेली की गरम दिव्याचा पंखाही थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. दिव्याच्या प्रोजेक्टरला 1 केव्हीएचा यूपीएस ते सुचवतात, तो घ्याच.

दिवा, केबल आणि रिमोट करारात धरलेले नाहीत. तेव्हा विभागात एक डबा आपणच भरून ठेवावा: 2 मीटरची केबल, रिमोट, सेल आणि टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर. मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र निघत नाही, म्हणून प्राध्यापकांचे लॅपटॉप जूनमध्येच एकेक लावून पाहावेत.